मॉडेल कोणतं

बेनोड्याच्या फाट्यावर, पंपाच्या जरा अलीकडे,
हबीब मिस्त्रीच्या गॅरेजमागे
तीन व्हॅन उभ्या. चाकांच्या जागी विटा.

पहिली आली तेव्हा तिला ओम्नी नाव नव्हतं.
नुसती व्हॅन. पावाच्या लादीसारखी, बिननाकाची,
काच संपली की थेट डांबर.
डॉक्टरांची गाडी, पण चालवायचे ढोमणे कंपाउंडर;
इंजिन सीटखाली, मे महिन्यात मांड्या भाजायच्या,
ओलं पोतं टाकून बसायचे
अन् पेशंटला विचारायचे, लय तर नाही दुखत?

दुसरीला बंपर अंगाच्याच रंगाचा, समोर जाळी.
"नटली बाप्पा," मिस्त्री म्हणे, "हाडं तेच हायेत."
पहाटे संत्र्याचे कॅरेट, साडेनऊला शाळेची पोरं,
चौदा. कधी सोळा.
छताच्या रेक्झिनमध्ये सालीचा वास
अजून आहे, उन्हं चढली की उतरतो.

तिसरीत कार्बोरेटरच नव्हता.
मिस्त्रीनं सीट उचलली, पाहिलं,
सीट परत खाली ठेवली.
"हिले माहं आयकूच येत नाही."
मग वरुडहून एक पोरगा यायचा, मिशी न फुटलेला,
त्याला मिस्त्री उस्ताद म्हणायचा, चहा स्वतः आणायचा.

पुढे ती गाडी बनणंच थांबलं.
आम्हाला कोणी कळवलं नाही;
रबर मिळेना, तेव्हा कळलं.

मी काय सांगत होतो,
दार. मागचं, सरकणारं.
तीनही गाड्यांत शेवटच्या वितीला अडायचं.
गेल्या वर्षी तिघींची मिळून चौथी केली:
दार पहिलीचं, जाळी दुसरीची, इंजिन तिसरीचं,
रंग पंपाच्या मालकाच्या उरलेल्या डब्यातला.

काल गिऱ्हाईक आलं, तिशीचं, गॉगल कपाळावर.
"मॉडेल कोणतं?"
मी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं पान्याकडे.
"बस तं खरं मागं. दार लाव."

त्यानं ओढलं. अडलं, वीतभर अलीकडे.
मी सांगायला तोंड उघडलं,
तोवर त्याचा खांदा आपोआप पुढे झाला,
खाली झुकून, नेमक्या जागी.
खाड्.

मिस्त्रीनं हात पुसले.
"दुसरीतलं पोरगं हाय," मला म्हणाला हळूच,
"हजार रुपये कमी सांग."