अर्धा अंश

बोतोलानच्या बास्केटबॉल कोर्टावर, पत्र्याच्या छपराखाली,
सकाळी नऊलाच प्लास्टिकच्या खुर्च्या पाठीला चिकटायला लागल्या.
मी दुभाषी. दिवसाचे आठशे पेसो, जेवण वेगळं.
पाहुणे म्हणाले, तुमच्या डोंगरापासूनच सुरुवात करू या :
एक्क्याण्णव साली पिनातुबोने गंधक इतकं उंच फेकलं
की पुढचं वर्षभर सगळी पृथ्वी
अर्ध्या अंशाने निवली.

निवली. मी वापरला तो शब्द आम्ही
तापातून उठलेल्या पोरासाठी ठेवतो.

पहिल्या रांगेतून बासिलिया दुमुलोत म्हणाली,
अर्धा अंश म्हणजे केवढा? हाताने दाखव.
डॉक्टर वीर्समांनी हात वर केला,
चिमटीत काहीतरी धरल्यासारखा,
आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

त्या जूनमध्ये ती सव्वीस वर्षांची होती.
राख पडत होती आणि त्यावर वादळाचा पाऊस.
भिजलेली राख किती जड होते
हे तिला छपराने शिकवलं.
मग छावणीत गोवर.
पृथ्वी निवली त्या वर्षात तिची दोन मुलं नाहीत.
हे ती बोलली नाही. मला ठाऊक आहे,
त्यातला धाकटा माझ्या वयाचा होता.

पाहुणे प्रामाणिक होते, हेही लिहायला हवं.
डोंगर फोडायचा नाही, म्हणाले. विमानं जातील,
दरवर्षी थोडं थोडं शिंपडतील.
आभाळ जरा पांढरट दिसेल.
पाऊस कुणाकडचा कुणाकडे सरकेल, नक्की सांगता येत नाही.
किती वर्षं?
धूर थांबेपर्यंत. पन्नास. कदाचित शंभर.
आणि मध्येच तुमची आपसात जुंपली, विमानं बसून राहिली तर?
वीर्समांनी चष्मा पुसला.
तर इतकी वर्षं थोपवलेली उष्णता
थोडक्या वर्षांत एकदम उतरेल.

लाहार, बासिलिया म्हणाली.
याचं भाषांतर करावं लागलं नाही.
डोंगर एका दिवसात मोकळा झाला,
उतारावर थोपलेली राख मात्र पावसाळ्यामागून पावसाळे
खाली येत राहिली.
बाकोलोरच्या चर्चमध्ये लोक अजून
जुन्या खिडकीतून आत शिरतात.

तरी ती लगेच नाही म्हणाली नाही.
मागच्या एप्रिलात शाळा बंद होत्या,
तिची सून पत्र्याच्या खोलीत बाळंत झाली,
आणि नात जगली ती ओल्या फडक्यात,
रात्रभर फडकं भिजवणाऱ्या हातांवर.
तुमचं औषध खरं असेल, म्हणाली. पण ऐक,
आमच्या डोंगराचा कागद आमच्या नावावर व्हायला
अठरा वर्षं गेली. एकेका ओढ्याची साक्ष काढली.
आभाळाचा कागद कुणाकडे आहे?

त्यासाठीच मंडळ नेमायचं आहे, वीर्समा म्हणाले.
त्यात आमची खुर्ची?
निरीक्षक म्हणून.
मला शब्द सापडेना. मी म्हटलं,
बघत राहणारे.
मागच्या रांगा हसल्या. वीर्समाही हसले,
कशाला ते न कळता.

बासिलिया उठली. गुडघ्यावर हात टेकून, दोनदा प्रयत्न करून.
आपो नामाल्यारीनेही कुणाला विचारलं नव्हतं, म्हणाली.
पण त्याच्यावर रागवायचं तर त्या बाजूला तोंड करून उभं राहता येतं.
विमान पाठवणाऱ्यावर रागवायला
मी कुठल्या बाजूला वळू?

हे मी शब्दाला शब्द सांगितलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

अर्जावर तीन चौकोन होते :
मान्य, अमान्य, सांगता येत नाही.
तिने अंगठा चौकोनांच्या खाली, कोऱ्या जागेत उमटवला.
नगरपालिकेचा नेस्तोर म्हणाला, हा कशात धरू?
मी म्हटलं, तिलाच विचार.
तोवर ती पान्सितचं पुडकं घेऊन
नातीसाठी आणखी एक मागत होती.

जेवताना कुणीतरी म्हणालं, आज अडतीस असेल.
साडेअडतीस, नेस्तोर म्हणाला, फोन बघत.
बासिलियाने चिमूट उचलली,
डोळ्यांजवळ नेऊन
तिच्यातून वर पाहिलं.