खातंय व्हय काय ते

उद्यमनगरात आप्पांच्या कारखान्याला एक माळा आहे.
त्यावर तीनशे बारा लाकडी पॅटर्न. मी मोजलेत.
बरेचसे सागवानी, काही शिवणीचे,
लाल रंग पोपडे धरून उडालेला.
ज्या ऑइल इंजिनांसाठी ते कोरले
ती इंजिनं आता कुणी ओतत नाही.
धाकटा संताजी दर दिवाळीला म्हणतो,
जाळून टाकू, जागा तरी होईल.
आप्पा कानशीतला भुसा झटकतात:
"असूंदे की. खातंय व्हय काय ते?"

विद्यापीठात ह्याच प्रश्नावर
दोन माणसं अकरा वर्षं भांडतायत.
सरनोबत मॅडम म्हणतात,
निसर्ग फुकटचं काही सांभाळत नाही.
जनुकांच्या मधली ती लांबच लांब अक्षरं,
त्यांचीही नक्कल निघते, त्यांनाही प्रथिनं येऊन चिकटतात,
म्हणजे काम असणार. शोधा.
मगदूम सर म्हणतात,
उद्यमनगरात दिवसभर खडखडाट असतो,
प्रत्येक आवाजातून नट-बोल्ट पडतो का?

एकदा कॅन्टीनमध्ये मिसळीवरचा कांदा
सरांनी चमच्यात उचलून धरला:
"ह्याच्या एका पेशीत आपल्या पाचपट डीएनए.
एवढ्याचं हा करतो काय?"
"रडवतो," टेबल पुसता पुसता मोहसीन म्हणाला.
मॅडम हसल्या.
सरांनी मात्र खिशातली डायरी काढली.

माझ्या वाट्याला एक मेलेला जनुक आला होता.
क जीवनसत्त्व बनवणारा.
आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा चालू आहे.
माझा बंद. अर्धा गायब, उरलेल्याचे तुकडे,
वाळवी लागलेल्या पॅटर्नसारखा.
म्हणून मला लिंबू लागतं, त्याला लागत नाही.
आणि जोतिबाच्या डोंगरावर हातातला नारळ हिसकावणारं ते माकड,
त्याचाही बंद.
मोडतोड बरीचशी त्याच जागी.

दोन निराळे सुतार एकसारखं काम करतील एकवेळ.
एकसारखं चुकणार नाहीत.

हे मला प्रयोगशाळेत कळलं असं मी सांगते,
पण खरं म्हणजे सातवीत कळलं.
गडहिंग्लजला, मावशीच्या विहिरीवर,
एका जुन्या इंजिनाच्या झाकणावर
कडेला तांदळाएवढा खळगा होता.
आप्पांनी त्यावर अंगठा ठेवला.
"ह्यो माझा. पटाशी सटकली हुती.
तू झालीस त्या राती. हात जाग्यावर नव्हता."

त्या खळग्यानं इंजिन जास्त चाललं नाही, कमी चाललं नाही.
पाणी उपसायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.
कुणाला खुपला नाही, म्हणून राहिला,
आणि झाकणामागून झाकण ओतत गेलं तसा
निपाणी, मुरगूड, शिरोळ,
कुठल्या कुठल्या मळ्यांवर जाऊन बसला.
माझ्या जन्माचा दाखला, तेलकट,
ज्याला तो वाचता येतो असा एकच माणूस.

गेल्या मार्चमध्ये इचलकरंजीहून कुणी एक चौगुले आले.
आजोबांचं इंजिन चालू करायचं होतं, एक ब्रॅकेट मिळेना.
माळ्यावर शोधलं, तिसऱ्या फळीवर निघालं.
ओतलं, घासलं, बसलं.
मी विभागात दोघांनाही सांगितलं.
मॅडम म्हणाल्या, बघ!
सर म्हणाले, तीनशे बारातलं एक.
दोघांचे चेहरे जिंकल्यासारखे.

आप्पांना विचारलं, बाकीच्या तीनशे अकरांचं काय?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
माळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
म्हणाले, "तुमच्यात सगळ्यालाच काम लागतं व्हय गं?"

दिवाळी आलीय. संताजीनं टेम्पो सांगून ठेवलाय.
ह्यावेळी आप्पा काही बोलले नाहीत.
झाकणाचा पॅटर्न तेवढा मी बाजूला काढलाय,
माझ्या टेबलावर ठेवलाय, मायक्रोस्कोपशेजारी.
मॅडमनी विचारलं, हे कशाला?
कशाला नाही, म्हटलं.
काही काम नाही त्याचं.