हातचा

ग्रिम्स्बीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी सहा ते आठ.
रेडिएटर एकाच बाजूने तापतो, म्हणून सगळे
त्या भिंतीला चिकटून बसतात.
गोदीकडून वारा आला की
खिडकी बंद असूनही मासळीचा वास येतो.
मला त्याचं काही नाही. मी हर्णैची.

पहिल्या दिवशी विचारलं, काय काय येतं?
डनुटा म्हणाली, फिश फिंगर. ताशी चार हजार डबे.
कीरन काहीच म्हणाला नाही, त्याला आईने पाठवलंय.
आणि क्लिफ ओसगर्बी, वय एकोणऐंशी,
म्हणाला, ओ की ठो कळत नाही बाई,
अर्थात त्याच्या बोलीत, जी मला अजून अर्धीच कळते.

श्रीगणेशा म्हणजे इथे यंत्राकडून नमस्कार वदवून घ्यायचा.
डनुटाने स्वतःचं नाव लिहिलं, अवतरणचिन्हं विसरली.
पडद्यावर लाल ओळ:
डनुटा कोण, मला माहीत नाही.
ती खो खो हसली. "कौन्सिलच्या ऑफिसातही हेच सांगतात."
मी चिन्हं लावली, नावाच्या अलीकडे-पलीकडे,
कानांत डूल घालावेत तशी.
मग यंत्र निमूटपणे म्हणालं, नमस्कार, डनुटा.

व्हेरिएबल समजावताना मी दर वर्षी अडते.
डबा म्हणा, असं पुस्तकात असतं. डब्यावर चिठ्ठी.
पण माझ्या मनात असतो हातचा,
बेरजेच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेला.
सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.
तो शब्द इंग्रजीत नेला तर
नुसता हात उरतो.
म्हणून मी डबाच म्हणते, आणि मूठ मिटून दाखवते.
क्लिफने लगेच आपली मूठ मिटली.
चाळीस वर्षं धक्क्यावर खोकी मोजली त्याने,
दर विसाव्या खोक्याला एक बोट आत.

सहाव्या मंगळवारी याद्या.
मोजायचं शून्यापासून, मी म्हटलं,
आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.
शून्य म्हणजे कुणी नाही असं नव्हे हो,
शून्य म्हणजे सुरुवातीपासून किती पावलं आलात ते.
पहिला जिथे उभा आहे
तिथे अजून पाऊलच पडलेलं नाही.

क्लिफने यादी केली. एका बोटीवरची नऊ माणसं,
कप्तानापासून खाली.
एका बोटाने टाइप करत, पाऊण तास.
मग लूप: शून्य ते आठ.
हिशेब चुकला नव्हता त्याचा, नववा म्हणजे आठच.
पण ही भाषा शेवटचा आकडा घेत नाही,
उंबऱ्यापर्यंत येते नि मागे फिरते.
आठ नावं उमटली, एकाखाली एक.
नववं नाही.

मी पुढे झाले. सगळ्यांचंच होतं असं, म्हटलं,
आठच्या जागी नऊ करा, येईल तोही.
त्याने माझा हात कीबोर्डवरून
हलकेच बाजूला केला.
"बरोबर आहे ते," म्हणाला.
"नववा मी. गालगुंड झालं होतं मला त्या खेपेला."

रेडिएटर टकटकला.
कीरनने एका कानातला इअरफोन काढला.
सहा आठवड्यांतलं त्याचं पहिलं वाक्य:
"मग यादीत कशाला घातलं नाव?"
"पगाराच्या वहीत होतं म्हणून."

बारा वर्षं लोकांच्या चुका दाखवते आहे मी.
त्या ओळीला बोट लावलं नाही.

आठ वाजले. खालून ग्रंथपालबाईंनी
दिवे दोनदा मिचकावले.
हे साठवून ठेवतात कसं, क्लिफने विचारलं,
आणि नाव काय द्यायचं?
काहीही द्या, मी म्हटलं, फक्त मध्ये जागा सोडू नका.
त्याने बराच वेळ विचार केला,
कोट घातला, बटणं लावली,
आणि मग उभ्यानेच टाइप केलं: धडा६.