वाया घालवायचं दार

वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे,
रात्रीचे अकरा झाले तरी शटर हात लावू देत नाही.
मे महिना. या हवेत दम नाही,
हे मी नाही म्हणत, लॅपटॉप म्हणतो:
आत शिरणारी हवा एकोणसाठ डिग्री.

सम्यक खोब्रागडे बोनेटवर वाकलेला.
"गुणवंतभाऊ, मी एक बार मागतो, हे दीड देऊन राहिली.
आपल्याले तर फायदाच ना?"

फायदा.
मी त्याला मागच्या आठवड्यातला पिस्टन दाखवतो,
कडेनं ओघळलेला,
उन्हात विसरलेल्या संत्रा बर्फीसारखा.
तो गप्प. मग हळूच, "कोणाचा?"
"होता एकाचा. त्यालेही फायदाच पाहिजे होता."

अमरावती रोडला चक्कर.
तो चालवतो, माझ्या मांडीवर स्क्रीन.
तिसऱ्या गिअरला हिरवी रेघ चढते,
वळायची तिथे वळत नाही,
टोल चुकवलेल्या ट्रकसारखी निघते सरळ वर.
"पाय काढ बे! काढ!"
मग नुसते टायर,
कोंढाळीकडून येणारा एक हॉर्न,
आणि आमची दोघांची धाप.

परत येऊन खड्ड्यात उतरतो, डोक्यावर बॅटरी बांधून.
सोलेनॉइड टिकटिकतं. ठीक.
अ‍ॅक्चुएटरची स्प्रिंग ठीक.
दांडीवरचा नट कोणी दोन आटे आवळलाय?
"नाही भाऊ, शपथ."
(न विचारता पुन्हा शपथ घेतो,
म्हणजे आवळला होता कधीतरी.)
झडप बोटानं उघडते, मिटते, काजळीनं धरलेली नाही.

आणि मग ती.
चार मिलिमीटरची रबरी नळी,
खालच्या अंगानं चिरलेली, पापणीएवढी चीर.
दाब वाढत होता,
दाराला निरोप जात नव्हता.
दार बिचारं मिटून बसलेलं,
घरात सगळं ठीक आहे असं समजून.

माझे बाबा पाचपावलीत मागावर बसायचे.
ताणा जास्त ओढला गेला की बोटानं टिचकी मारायचे,
कान लावायचे,
आणि एक दात सैल सोडायचे.
वाया गेलेला, हे नाव मला त्यांनीच दिलं,
नऊवारीचे काठ टाकून काळ्या तेलात हात घातला त्या वर्षी.
मग चौकात तेच, मामाकडे तेच.
बोलणं उरलं पोळ्यापुरतं, दिवाळीपुरतं.
मेयोत भरती करून त्यांना सहावा दिवस होता
तेव्हा मला समोरच्या किराणावाल्याकडून कळलं.
"सांगितलं काहून नाही?"
आई पदर नीट करत म्हणाली,
"तू कुठं विचारलं?"

पुस्तकात या झडपेला वेस्टगेट म्हणतात.
वाया घालवायचं दार.
नाव ठेवणाऱ्यानं नाव ठेवलं आणि झोपला असेल.
त्या दारातून जो गरम धूर वळसा घेऊन निघून जातो,
पंखा न फिरवता, कोणाच्याच कामी न येता,
तो गेला म्हणून बाकीचं जागेवर राहतं.
हे मी सम्यकला सांगत नाही.
त्याला सांगतो, नळीचे एकशे चाळीस, दोन क्लिपा वेगळ्या.
तो जरा हिरमुसतो,
त्याला वाटलं होतं किमान टर्बो तरी बदलावा लागेल.

दीड वाजता दुसरी चक्कर.
रेघ चढते,
एकवर येते, ओलांडते थोडीशी,
थरथरते,
आणि आडवी पडते, मागावरच्या धाग्यासारखी.
माझं बोट आपोआप स्क्रीनवर टिचकी मारतं.

"का झालं भाऊ?"
"काही नाही. चालव."

परत वळताना खालून बारीक खडखड येते,
झडपेची पिन झिजली असावी.
ती पुढच्या वेळी पाहू.