पितळ

जर्सी बेटावर, सेंट हेलियरच्या एका दाराशी
तीनशे बारा कंपन्यांच्या पाट्या.
लुसीलिया पहाटे साडेचारला येते
पॉलिशचा डबा नि चिंधी घेऊन.

आत टेबल एक, खुर्च्या दोन.
बेसिनमध्ये रोज एकच कप,
तोही अर्धा प्यालेला.

काल टोपलीत भाषणाचा कागद सापडला :
'कर वाढवाल तर पैसा बेट सोडून जाईल.'
समासात पेन्सिलीनं : इथे थांबा.

तिनं मादेइरा सोडलं तेव्हा
कुणी भाषण केलं नव्हतं.
तिच्या पगारातून कर आधीच कापलेला,
बिनबोभाट.

अकरा वर्षं घासतेय.
अक्षरं झिजली,
पितळ काही उघडं पडलं नाही.
फक्त तिचा चेहरा दिसतो त्यात,
पिवळा, लांबट,
कुणाच्या तरी नावाखाली.