सुरगाठ

मंगळवारी पत्र आलं : मंजूर.
तीन वर्षं, एक स्कॅनर, रेल्वेचं साधं भाडं.
विषय : युद्धकाळातले रंगमंचावरचे जादूगार.
समितीतल्या कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं,
'हवेतून नाणी काढणाऱ्यांपायी आपण नाणी काढतो आहोत,
यातली गंमत अर्जदाराच्या ध्यानात आली असावी.'
आली होती.
चार वेळा नामंजूर झाल्यावर येतेच.

आबेरिस्टविथहून गाडी धरली. वेल्समधून वेल्समध्ये जायला
मध्ये इंग्लंडात शिरावं लागतं, श्रूजबरीला गाडी बदलावी लागते.
लँडिड्नोला उतरले तेव्हा ओहोटी होती,
आणि वृद्धाश्रमात जेवणाची वेळ.

एलुनेड, वय अठ्ठ्याण्णव.
"किती मिळाले?" आधी तेच.
आकडा सांगितला. तिनं कवळी सावरली.
"एवढ्यात आम्ही अख्खं थिएटर गायब केलं असतं.
तसं ते झालंच म्हणा, एका रात्रीत,
आमचा हात न लागता."

मग ती बोलत गेली, कुठूनही कुठेही.
टोपीतला ससा त्रेचाळीसच्या नाताळात खाल्ला.
कर्नल म्हणायचे त्याला. कांदा मिळाला नव्हता.
पुढे टोपीतून लोकरीचा हातमोजा निघायचा, कान शिवलेला,
आणि लोक जास्तच टाळ्या वाजवायचे,
कारण त्यांनीही आपापले कर्नल खाल्ले होते.
रेशीम सगळं पॅराशूटांना गेलं.
उरला एक रुमाल.
आयवर तोच सात वेळा काढायचा.

"मला रोज दोनदा करवतीनं कापायचा.
एकदा कापलेली असतानाच भोंगा वाजला.
सगळे तळघरात. मी पेटीत, गुडघे हनुवटीला लावून.
दोन तास.
कुणी विचारलंच तर लिही, बाई एकसंध होती."

मी लिहिलं. मग घसा खाकरून म्हटलं,
अर्जात 'पद्धती' नावाचा एक रकाना आहे.
ती खिडकीकडे वळली.
बराच वेळ नुसता चमचा वाजत होता, शेजारच्या टेबलावर.

"तो वॉर्ड तुझ्या यादीत नसेल.
चोवीस खाटा. चोवीस जणांच्या डोळ्यांवर पट्ट्या.
आयवरनं दारातच पत्ते परत खिशात घातले.
नजरबंदी करायची ती कुणाची?
मेट्रन म्हणाली, गाणी म्हणा हवं तर.
तो खाटेशी बसला. पोराच्या हातात दोरी दिली.
म्हणाला, मार गाठ. घट्ट मार.
तुझी गाठ, तुझ्याच मुठीत. मी हातसुद्धा लावत नाही.
आता उघड.

कार्डिफच्या गोदीतला होता तो. कोवळी मिशी.
दोरी इकडून तिकडे चाचपत राहिला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि म्हणाला, परत.
चोवीस खाटा, रात्र झाली.
बसमध्ये आयवर एक अक्षर बोलला नाही.
पुढे कुठल्याच जाहिरातीवर तो खेळ त्यानं छापला नाही."

शिवणाच्या डब्यातून तिनं हातभर दोरी काढली.
"ते यंत्र बंद कर."
केलं.
"डोळे मीट."
मी निरगाठ मारली, शपथेवर सांगते,
बाबांनी होडी बांधायला शिकवलेली, भरतीला न सुटणारी.
तिची बोटं माझ्या मुठीवरून नुसती गेली,
थंड, कागदासारखी.
मूठ उघडली तर दोरी सरळ.
नदी असते तशी, नकाशात नव्हे, उन्हाळ्यात.

वर्षाचा अहवाल एकतीस मार्चला द्यायचा आहे.
चहाची पावती आहे. तिकिटं आहेत.
'पद्धती' कोरी.

दोरी तिनं मला देऊन टाकली.
परतीच्या गाडीत मी गाठी मारत बसले, डोळे मिटून.
समोरच्या गृहस्थानं विचारलं, काय चाललंय?
म्हटलं, संशोधन.
श्रूजबरीपर्यंत एकही सुटली नाही.
शेवटची तर
दातांनी सोडवावी लागली.