तालव्य

डंडी, पाडव्याचा दुसरा दिवस, पहाटेचे चार.
बेकरीच्या मागच्या दाराशी, रात्रपाळीवाल्यांच्या रांगेत
मी उभ्याउभ्या एक पाय खाल्ला.
आई फोनवर म्हणाली, कुणाचा?
मटणाचा गं. मैद्याच्या वाटीत बंद करून देतात इथे,
वरून कोमट, आत तापलेला रस्सा.
सोळा तास पोटात काही नव्हतं.
फुंकर घालायचं राहून गेलं.
टाळूला चटका बसला तेव्हा
मुलगी सव्वा तासाची होती.

आता तिथे एक पापुद्रा लोंबतोय
आणि जीभ, गल्लीतल्या एखाद्या रिकामटेकड्यासारखी,
दर मिनिटाला कडी वाजवून विचारते,
दुखतंय का अजून?
दुखतंय. जा.

जा म्हणताना काही झालं नाही.
तेव्हा खासनीस बाई आठवल्या,
फळ्यावर खडूने काढलेलं उघडं तोंड,
पट्टीचं टोक दातांमागे: हा च चमच्यातला.
पट्टी जरा आत: हा चहातला. तालव्य.
चाळीस मुलं कंटाळून ऐकत होती, त्यात मी.
आता एकेक शब्द चाचपून बघतो.
चटका, चूळ, भाजणं
दाताशीच उरकतात, दुखण्याचे शब्द दुखत नाहीत.
दुखतात ते चहा, चिमणी, जेवलीस का.
माझं चिपळूण दुखतं.
जा म्हणता येतं,
ये म्हणायला जीभ वर उचलावी लागते.

औषधाच्या दुकानातली शोना
मोबाइलचा दिवा माझ्या तोंडात धरून म्हणाली,
पाच पेन्सच्या नाण्याएवढं आहे, घाबरू नका.
कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार वेळा, गिळायचं नाही.
गार दूध. टोस्ट नको, चिप्स नकोत, व्हिनेगर तर नकोच.
बोट लावू नका. जिभेलाही सांगा.
तीन आठवड्यांत भरलं नाही तर डेंटिस्टला दाखवा.
डेंटिस्टच्या यादीत माझ्यापुढे किती जण, विचारलं,
तर ती नुसती हसली
आणि बाळासाठी टोपी विणून देऊ का म्हणाली.

नाव नोंदवायलाही इथे तीनच आठवडे देतात.
नाव ठरलेलंच होतं: चैती.
वृंदा म्हणते, सारखी हाक मार, आवाज ओळखू दे तिला.
आणि पहिलंच अक्षर नेमकं त्या नाण्यावर आपटतं.
म्हणून चार दिवस मी माझ्या मुलीला
तैती म्हटलं.
वृंदा हसायची, टाके धरून.

आईला सांगितलं, टाळू दुखतेय.
पलीकडे भांडं पडल्याचा आवाज.
दाबलीस का रे? कुणी सांगितलं होतं हात लावायला?
तेल नुसतं टेकवायचं असतं!
माझी गं आई. आतली.
मग ती बराच वेळ बोलली नाही,
मग म्हणाली, मेल्या,
एका घरात दोन उघड्या टाळू.

रात्री ती माझ्या छातीवर झोपते.
डोक्यावर, विरळ केसांखाली,
काहीतरी धडधडत असतं, बिनहाडाचं.
मी जीभ खाली दाबून धरतो, तोंड मिटतो.
माझं भरत येतंय.
तिचं बघत बसतो.

एकोणिसाव्या दिवशी रजिस्ट्रारबाईंनी
कागदावरचं नाव घशातून काढलं, त्यांच्या लॉखमधल्या ख ने:
खैती?
नाही, म्हटलं, आणि नीट, पूर्ण, टाळूला जीभ लावून:
चैती.
दुखलं नाही. जरा खरखरीत लागलं,
नव्या कातडीचं.

बाहेर टे नदीवरून वारा सुटला होता.
तिची टाळू भरायला अजून दीड वर्ष.
शोनाची टोपी मोठी झालीय,
सारखी डोळ्यांवर येते.
मी ती पुन्हा वर सरकवली, पण थोडीच.